‘अनसेटल’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि मराठी वाक्यातील कर्ता

मेजर कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्दांची रांग मांडण्याची वाट अशा कोशांनी रुळविली; त्या रांगेतील कोणता शब्द कोठे चपखल बसेल, हे मात्र वाक्यच ठरविते. ‘अनसेटल’ हे क्रियापद या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

‘सेटल’चा संबंध आसनवाचक जुन्या इंग्रजी शब्दाशी, आणि पुढे संस्कृत ‘सद्’ धातूशी पोचतो. ‘अनसेटल’ म्हणजे बसलेल्याची बैठक हलविणे. याउलट मराठीतील ‘अस्वस्थ’ हा शब्द ‘स्था’ धातूवरून आलेला. त्यात आपल्या ठायी उभे असणे सुटते. अर्थ जवळचे, प्रतिमा भिन्न. हवेच्या वा पोटाच्या संदर्भात ‘अस्वस्थ’ कामी येत नाही. तेथे ‘अस्थिर’ आणि ‘बिघडणे’ हेच योग्य.

गडचांदूरसारख्या ठिकाणी या शब्दाचा एक वेगळाच सापळा आहे. सिमेंटचे कारखाने, त्यांच्या वसाहती आणि चुनखडीच्या खाणी यांच्या परिसरात, मराठीच्या शेजारी तेलुगू, गोंडी, कोलामी ऐकत वाढलेल्या विद्यार्थ्याला ‘सेटलमेंट’ म्हणजे वस्ती हे ठाऊक असते. ‘खाणीच्या प्रस्तावाने गावकऱ्यांना अनसेटल केले’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य तो ‘गावकरी उठविले गेले’ असे वाचण्याचा संभव आहे. चूक तर्कशुद्ध आहे, पण चूकच. आजच्या इंग्रजीत माणसांविषयी हे क्रियापद मनाची घडी मोडण्यापुरते येते. गाव उठविण्यासाठी ‘डिस्प्लेस’ हे स्वतंत्र क्रियापद आहे. धास्तावलेले गाव आणि उठलेले गाव यांतील अंतर अनुवादकाने पुसून टाकणे परवडणारे नाही.

दुसरी अडचण वाक्यरचनेची. गांगरणे, बावरणे, भांबावणे, बिथरणे ही आपली नेमकी क्रियापदे अकर्मक आहेत. ज्याचे मन हलते तोच कर्ता होतो आणि कारण तृतीयेत जाते: ‘त्या प्रश्नाने साक्षीदार गांगरला.’ इंग्रजीत प्रश्नच कर्ता असतो. ‘प्रश्नाने साक्षीदाराला अस्वस्थ केले’ ही रचना व्याकरणदृष्ट्या निर्दोष असली तरी मराठी कानाला परकी वाटते. (‘फेझ’ हे समानार्थी क्रियापद तर बहुधा नकारातच येते, तेथे ‘तो जराही डगमगला नाही’ एवढे पुरते.)

तथापि अकर्मक रचना सरसकट स्वीकारण्यात धोका आहे. वकिलाने साक्षीदाराला हेतुपुरस्सर घाबरविले असेल, तर ‘साक्षीदार गोंधळला’ एवढ्याने वकील वाक्याबाहेर निसटतो. तेथे ‘वकिलाने त्याला गोंधळात टाकले’ असेच लिहिले पाहिजे. हेतू असलेला माणूस कर्ता असेल तर सकर्मक रचना, बातमी वा प्रसंग कारण असेल तर अकर्मक, असा विवेक ठेवल्यास ‘खाणीच्या वार्तेने गाव धास्तावले’ आणि ‘दलालांनी गावाला धास्तावून सोडले’ ही दोन्ही वाक्ये आपापल्या जागी बरोबर ठरतात.