ट्रॅक्टर-ट्रॉलीचा विद्युत ब्रेक : नियंत्रकाची निवड व जोडणी

वर्ध्याहून देवळीमार्गे यवतमाळकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर कळंब हे तालुक्याचे गाव वसले आहे. श्री चिंतामणी गणेशाचे स्थान म्हणून ते सर्वदूर परिचित आहे. दिवाळीनंतरच्या काही महिन्यांत मात्र गावाच्या रस्त्यांवर राज्य असते ते कापसाच्या ट्रॉल्यांचे. वर्धा-कळंब रेल्वेमार्ग फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तथापि शेतापासून बाजार समितीच्या आवारापर्यंत आणि तेथून जिनिंगपर्यंत माल पोहोचविण्याचे काम आजही मुख्यतः ट्रॅक्टरच करतो. तीच ट्रॉली सोयाबीनची पोती वाहते, घरकुलासाठी वाळू-गिट्टी आणते, वेचणीसाठी मजुरांनाही नेते. मालाच्या ट्रॉलीत माणसे बसवू नयेत हे खरे असले, तरी ती बसतात ही वस्तुस्थिती आहे. अशा अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो, ही त्याहून चिंतेची गोष्ट होय.

ब्रेक नसलेली ट्रॉली थांबविण्याचा सारा भार ट्रॅक्टरच्या दोन मागील चाकांवर पडतो. याचे गणित साधे असून शिक्षकांनी ते विद्यार्थ्यांकडून करून घेण्याजोगे आहे. ट्रॅक्टर दोन टनांचा, मालासह चारचाकी ट्रॉली सहा टनांची, वेग ताशी २५ किलोमीटर. ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर दीड टन भार येतो आणि टायरची रस्त्यावरील पकड त्या भाराच्या निम्मी आहे असे मानले, तर आठ टनांना रोखणारे बळ अवघे ७५० किलो भरते. सपाट रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतर ही जोडी सुमारे २६ मीटरवर थांबेल. हाच रस्ता वीस मीटरला एक मीटर उतरता असेल, तर ४०० किलोचा रेटा उलट दिशेने काम करतो, रोखणारे बळ ३५० किलोच उरते आणि थांबण्याचे अंतर ५६ मीटरवर जाते. आता ट्रॉलीच्या एका आसावर तीन टन भार आहे आणि त्या आसाच्या ब्रेकने १,२०० किलोची भर घातली असे धरा. तेच अंतर सपाटीवर १० आणि उतारावर सुमारे १३ मीटर होते. रस्त्यात अचानक बैलगाडी आडवी आली, तर ५६ आणि १३ मीटरमधला फरक म्हणजे कोणाचा तरी जीव.

लांबणाऱ्या अंतराहूनही घातक असतो तो ट्रॉलीचा मागून येणारा धक्का. ट्रॅक्टरची मागील चाके अडकून घसरू लागली की ट्रॉली त्याला ढकलून आडवा करते आणि चालकाच्या हाती काही उरत नाही. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गियर काढून गाडी सोडण्याची सवय असेल, तर इंजिनाचा रोधही नाहीसा होतो. रस्त्यावर येताना ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक-पेडल कडीने जोडून घेणे हा नियम किती चालक पाळतात, हेही एकदा बाजाराच्या दिवशी उभे राहून पाहावे.

ट्रॉलीला ब्रेक बसविण्याचे प्रकार अनेक आहेत. काही ब्रेक ट्रॉलीच्या रेट्यानेच लागतात, काही तेलाच्या वा हवेच्या दाबावर चालतात. विद्युत ब्रेक अमेरिका व ऑस्ट्रेलियात मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या फिरत्या घरांना आणि घोड्यांच्या गाड्यांना सर्रास असतो. आपल्याकडे तो अजून विरळा आहे. त्याची रचना गुंतागुंतीची नाही. चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. बॅटरीचा प्रवाह मिळताच तो फिरत्या ड्रमच्या सपाट पृष्ठाला चिकटू पाहतो, त्याबरोबर ओढला जातो आणि आपल्याला जोडलेल्या दांड्याने ब्रेक-शू फाकवितो. प्रवाह जितका अधिक, तितकी पकड घट्ट. हा प्रवाह केव्हा आणि किती सोडावा हे ठरविणारी, चालकाजवळ बसविलेली लहानशी पेटी म्हणजे नियंत्रक, बाजारातील भाषेत कंट्रोलर. ट्रॉलीच्या चाकात ब्रेकच नसतील, तर कितीही महागडी पेटी निरुपयोगी ठरते, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे.

नियंत्रक दोन जातींचे असतात. पहिल्या जातीचा नियंत्रक पेडल दाबताच ठरावीक वेळेत ठरावीक मर्यादेपर्यंत प्रवाह वाढवीत नेतो. पेडल हळू दाबले की जोरात, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. दुसऱ्या जातीचा नियंत्रक पुढच्या वाहनाचा वेग किती झपाट्याने घटतो आहे हे जोखून त्या प्रमाणात ट्रॉलीचा ब्रेक लावतो. मोटारीसाठी दुसरा निःसंशय सरस. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र विचार करावा लागतो. जड ट्रॉलीमागे असताना ट्रॅक्टरचा वेग मुळातच सावकाश घटतो, त्यामुळे अशा नियंत्रकाला मिळणारा इशाराही क्षीण असतो. सुरुवातीचा जोर वाढवून घेण्याची सोय त्यात असेल तरच तो घ्यावा. नसेल तर पहिल्या जातीचा साधा नियंत्रक बरा. दोहोंपैकी कोणताही घेतला तरी पेडल न दाबता केवळ ट्रॉलीचा ब्रेक लावता येईल अशी हाताची कळ त्यावर हवीच. ट्रॅक्टरला बहुधा बंदिस्त केबिन नसल्याने पाऊस, धूळ आणि हादरे यांना टिकणारी पेटी निवडणे ओघानेच आले.

ग्रामपंचायतीने नवी ट्रॉली घेताना निविदेत केवळ ‘ट्रॉली, चारचाकी’ असे न लिहिता आसाची भारक्षमता, किती चाकांना ब्रेक, ब्रेकचा प्रकार आणि सांधा तुटल्यास आपोआप ब्रेक लागण्याची व्यवस्था यांचा स्पष्ट उल्लेख करावा. जुन्या ट्रॉलीच्या आसावर ब्रेकची पाटी बसविण्याजोगी चकती अनेकदा नसते. नवा आस घालणेच मग श्रेयस्कर. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत, म्हणून काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयाशी विचारविनिमय करावा.

जोडणीत घाई करू नये. नियंत्रकाला चार तारा लागतात : बॅटरीच्या धन टोकापासून एक, ऋण टोकापासून एक, ब्रेक-दिव्याच्या स्विचपासून एक आणि ट्रॉलीकडे जाणारी एक. एका चाकाच्या चुंबकाला पूर्ण जोरात सुमारे तीन ॲम्पियर लागतात. म्हणजे दोन चाकांना सहा-सात, चार चाकांना बारा-तेरा. बारा व्होल्टच्या यंत्रणेत बारीक तारेने मोठी हानी होते. बॅटरीपासून ट्रॉलीच्या चाकापर्यंत दहा मीटर अंतर धरले, तर जाण्या-येण्याच्या अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत चार चाकांसाठी जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि ब्रेक मलूल पडतात. चार चाकांसाठी किमान चार चौरस मिलिमीटरची तार घ्यावी. परतीचा प्रवाह हुकाच्या पिनेतून जाईल अशा भरवशावर राहू नये. तिच्यावरील गंज व चिखल ऐन वेळी दगा देतात. परतीची तार स्वतंत्रच हवी.

बॅटरीपाशी योग्य क्षमतेचा फ्यूज किंवा आपोआप तुटणारा स्विच अनिवार्य समजावा. कळंबसारख्या कापसाच्या मुलखात याचे महत्त्व विशेष आहे. खरचटलेल्या तारेची एक ठिणगी मोकळ्या कापसाला पुरते. तारा नळीत घालून सांगाड्याखालून न्याव्यात, हौद्यातून कदापि नेऊ नयेत.

ट्रॉली सुटल्यास ब्रेक लावणाऱ्या स्विचसाठी ट्रॉलीवर वेगळी लहान बॅटरी असते. अमेरिकेतील नियमांप्रमाणे असा ब्रेक किमान १५ मिनिटे लागलेला राहावा लागतो; ही कसोटी आपणही लावावी. त्या स्विचची दोरी ट्रॅक्टरच्या सांगाड्याला बांधावी, हुकाच्या पिनेला नव्हे, कारण पीनच निसटली तर दोरीही तिच्याबरोबर जाईल. चाचणी घेताना ट्रॉलीची विद्युत-जोडणी आधी काढावी, मग स्विचची दोरी ओढून ट्रॅक्टर हळूच पुढे घ्यावा. ट्रॉलीने जागीच अडून धरले पाहिजे.

यानंतर येते ते नियंत्रकाच्या चकतीचे मोजमाप, आणि खरी कसोटी येथेच लागते. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या वेगाने ब्रेक लावीत चकती थोडी थोडी वाढवावी. ट्रॉलीची चाके घसटू लागली की किंचित मागे आणावी. हे मोजमाप त्या दिवशीच्या भारापुरतेच खरे असते. शिगोशीग कापसाची ट्रॉली डोंगराएवढी दिसते, पण अर्ध्या उंचीपर्यंत भरलेली वाळूची ट्रॉली तिच्याहून कितीतरी जड असते. डोळ्यांना विचारून चकती फिरवू नये, काट्यावरची पावती पाहावी. माल उतरवून रिकामी परतताना भरल्या ट्रॉलीचे मोजमाप तसेच राहिले, तर जरा पेडल दाबताच चाके अडकतील आणि ओल्या रस्त्यावर ट्रॉली बाजूला फेकली जाईल. दोन-तीन नेहमीच्या मालांसाठी चकतीवर रंगाच्या खुणा करून ठेवल्यास चालक बदलला तरी अडचण पडत नाही.

नवे ब्रेक-शू पहिल्या काही फेऱ्यांत ड्रमला घासून बसतात, तेव्हा पंधरवड्याने त्यांचे अंतर पुन्हा जुळवावे. चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस चुंबकावर किंवा शूवर उतरले असल्यास केवळ पुसून भागत नाही. शू बदलावेच लागतात. हा ब्रेक उभ्या ट्रॉलीला रोखून ठेवण्यासाठी नाही. इंजिन बंद ठेवून तो लावून ठेवला, तर बॅटरी उतरते आणि ती उतरली की पकडही सुटते. बाजाराच्या आवारात माल मोजून होईपर्यंत चाकांना लाकडी ओट लावणे हाच त्यावरील उपाय आहे.