बाबांची दारू, मुलाचा अबोला

प्रश्न : माझे पती रोज पितात. नववीतला मुलगा हल्ली बोलतच नाही, मित्रांनाही घरी आणत नाही. काय करू?

उत्तर : ताई, दाराची कडी वाजली की तो चटकन पुस्तकात डोकं घालतो का? बाबा किती प्यायलेत, हे अशा मुलांना पावलांच्या आवाजावरूनच कळतं. सतत सावध राहून ती थकतात. आपल्यामुळेच बाबा पितात, असंही अनेकांना वाटतं. म्हणून त्याला स्पष्ट सांगा : हा आजार आहे, तुझा दोष नाही, आणि बाबांना सुधारणं तुझं काम नाही. बाटल्या लपवायला, बाबांच्या साहेबांना खोटा फोन करायला त्याला लावू नका. बाबा कसेही आले तरी त्याच्या जेवणाची वेळ मोडू नका. मारहाण होत असेल तर मात्र आधी त्याला घेऊन सुरक्षित जागी जा. मुलांसाठी १०९८ वर मदत मिळते.

पतींची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात, डॉक्टर हवेतच. दारू सुटली तरी मुलाचा विश्वास लगेच बसणार नाही, त्याची घाई करू नका. पुण्यात १९८६पासून चालणाऱ्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. पती तयार नसले तरी तुम्ही जा.