गांडुळाची साक्ष

(द्वितीय वर्ष, कला)

गांडूळ म्हटले की पुष्कळांना शाळेतील एक वाक्य आठवते : ‘गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे.’ परीक्षेत हे वाक्य लिहिले की गुण मिळतात आणि पुढे त्या मित्राला आपण विसरून जातो. प्रस्तुत लेखात या मित्राच्या एका निराळ्या उपयोगाविषयी लिहायचे आहे. जमीन दूषित झाली आहे काय, आणि झाली असल्यास ती सजीवांना कितपत बाधते, हे गांडुळाकडून कसे जाणून घेतात, हा लेखाचा विषय आहे. मी शास्त्र शाखेची विद्यार्थिनी नाही. इतिहास हा माझा विषय. तेव्हा कोठे मी इतिहासाच्या भाषेत बोलले, तर जाणकारांनी क्षमा करावी.

या विषयाकडे वळण्याचे कारण घरचेच आहे. आमची तासगाव भागात दीड एकर द्राक्षबाग आहे. दुसऱ्या वर्षाला पर्यावरण अभ्यास या विषयासाठी एक प्रकल्प करावा लागतो. मला विषय सुचत नव्हता. एके दिवशी वडील, म्हणजे आमचे आप्पा, बागेतील जुना पाला फावड्याने बाजूला करीत म्हणाले, “ही पानं बघ. वरीस झालं, कुजंनात. पयलं पावसाळ्यात फावडं मारलं की काडू निघायचं. आता न्हाईत.” आमच्याकडे गांडुळाला काडू म्हणतात. आप्पांचे हे बोलणे मी वहीत लिहून घेतले. आमच्या घरात मातीविषयी बोलणारे पुष्कळ झाले, ते लिहून घेणारी मात्र मीच पहिली.

साक्षीदार म्हणून गांडूळच का?

इतिहासाच्या तासाला सर सांगतात, की कोणतीही साक्ष मानण्यापूर्वी साक्षीदार घटनास्थळी होता काय, हे पाहावे. गांडूळ तर जन्मापासून मरेपर्यंत मातीतच असते. त्याला फुप्फुसे नसतात. ओलसर त्वचेतूनच ते श्वसन करते. मातीतील पाण्यात जे काही विरघळले असेल, ते त्या त्वचेला सतत लागत राहते. शिवाय ते माती आणि कुजका पाला खाते. म्हणजे मातीतील विष त्याच्या अंगात बाहेरून आणि आतून अशा दोन्ही वाटांनी शिरते. त्याला पाय नाहीत, पंख नाहीत. पाखरासारखे ते दूर निघून जाऊ शकत नाही.

गांडुळांचा चिकाटीने अभ्यास करणाऱ्यांत चार्ल्स डार्विन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांनी १८३७ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे या विषयावर निबंध वाचला आणि ४४ वर्षांनी, १८८१ मध्ये, आयुष्यातील शेवटचे पुस्तक गांडुळांवरच लिहिले. घरातील कुंड्यांत ते गांडुळे पाळीत. जवळ पियानो मोठ्याने वाजविला तरी गांडुळांना त्याचे काही वाटत नसे. पण कुंडी पियानोवर ठेवून एक स्वर वाजविला की ती झटकन बिळात शिरत. त्यांना कान नाहीत, पण मातीतील कंप त्यांच्या अंगाला कळतो. हा साक्षीदार किती संवेदनशील आहे, हे यावरून ध्यानात यावे.

पाखरांनी सांगितलेली गोष्ट

गांडूळ आणि विष यांचा संबंध जगाच्या नजरेस आला तो अमेरिकेत. तेथे एल्म वृक्षांवर एक रोग पडला. त्याचा प्रसार करणारे भुंगेरे मारण्यासाठी झाडांवर डी.डी.टी. फवारण्यात येऊ लागले. पाने गळली, ती गांडुळांनी खाल्ली. गांडुळे बहुतांशी जिवंत राहिली, पण विष त्यांच्या अंगात साठले. पुढे वसंत ऋतूत रॉबिन पक्ष्यांनी ती गांडुळे खाल्ली आणि पक्षी मरून पडू लागले. इलिनॉय राज्यातील रॉय बार्कर या संशोधकाने १९५८ मध्ये ही साखळी मांडली. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात ती सामान्य वाचकांपर्यंत पोचविली. अवघ्या ११ मोठ्या गांडुळांतून एका रॉबिनला मारण्याइतके विष जाऊ शकते, असे त्यांनी नमूद केले आहे.

यातून एक महत्त्वाचा धडा मिळतो. गांडूळ जिवंत आहे, एवढ्यावरून माती स्वच्छ आहे असे म्हणता येत नाही. कॅडमियमसारखा जड धातू तर गांडुळाच्या शरीरात मातीतल्यापेक्षाही अधिक प्रमाणात साठू शकतो. म्हणून गांडूळ जगले की मेले, एवढेच विचारून भागत नाही.

तीन प्रश्न

शास्त्रज्ञ गांडुळाला मुख्यतः तीन प्रश्न विचारतात, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

पहिला प्रश्न : तू मरतोस काय? आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९८४ मध्ये या चाचणीची पद्धत ठरवून दिली. सर्वांची तुलना करता यावी म्हणून माती कृत्रिम घेतात. तीत ७० टक्के बारीक वाळू, २० टक्के केओलिन चिकणमाती आणि १० टक्के पीट, म्हणजे दलदलीतील कुजके शेवाळ असते. मातीचा सामू ६ च्या आसपास ठेवतात. एकेका भांड्यात आयसेनिया फेटिडा जातीची १० प्रौढ गांडुळे सोडतात. काही भांड्यांत तपासावयाचे रसायन निरनिराळ्या प्रमाणांत मिसळलेले असते, काहींत मुळीच नसते. सातव्या व चौदाव्या दिवशी जिवंत गांडुळे मोजतात. तोंडाकडील टोकाला हलकेच स्पर्श करूनही जे हालत नाही, ते मृत धरतात. निम्मी गांडुळे मरतील असे रसायनाचे प्रमाण यावरून काढतात. रसायन नसलेल्या भांड्यांतच १० टक्क्यांहून अधिक गांडुळे मेली, तर तो प्रयोग बाद समजतात.

दुसरा प्रश्न : तुझा वंश वाढतो काय? ही चाचणी आठ आठवड्यांची असते. चार आठवड्यांनी मोठी गांडुळे काढून घेतात, आणि त्यांनी मातीत घातलेल्या कोशांतून आणखी चार आठवड्यांत किती पिले निघाली ते मोजतात. पुष्कळदा असे दिसते, की ज्या प्रमाणात एकही गांडूळ मरत नाही, त्या प्रमाणातही पिले निम्म्यावर येतात. जगणे निराळे आणि संसार चालणे निराळे, हे शेतकऱ्याच्या घरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

तिसरा प्रश्न : तुला येथे राहावेसे वाटते काय? एका पेटीत मध्ये पडदा घालून एका बाजूला चांगली आणि दुसऱ्या बाजूला संशयित माती भरतात. मग पडदा काढून मधल्या रेषेवर १० गांडुळे सोडतात. ४८ तासांनी कोणत्या बाजूला किती आहेत ते मोजतात. संशयित बाजूला २० टक्क्यांहूनही कमी उरली, तर ती माती जीवांना राहण्यास फारशी योग्य नाही, असे मानतात. तिन्हींत ही चाचणी सर्वांत लवकर होणारी. मरण ही शेवटची साक्ष आहे. नकोसे वाटणे ही पहिली.

तांबे आणि न कुजणारी पाने

आता आप्पांच्या पानांकडे वळू. द्राक्षावरील दावण्या रोगासाठी आमच्याकडे बोर्डो मिश्रण फवारतात. ते फ्रान्समधील बोर्दो भागात १८८५ च्या सुमारास द्राक्षांसाठीच पुढे आले. एक टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना घेतात. मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबे असते. म्हणजे दर १०० लिटरमागे सुमारे २५० ग्रॅम तांबे बागेत येते. इतर पुष्कळ औषधे काळाने विघटित होतात. तांबे हे मूलद्रव्य आहे, त्याचे विघटन होत नाही. ते मातीच्या वरच्या थरात सेंद्रिय पदार्थांना धरून राहते, आणि गांडुळांचा वावरही तेथेच असतो. नेदरलँड्समधील काही जुन्या फळबागांत वर्षानुवर्षे तांब्याची औषधे मारल्यानंतर गांडुळे नाहीशी झाली आणि न कुजलेल्या पाल्याची गादीच जमिनीवर साचली. हे वाचले तेव्हा मला आमचीच बाग दिसू लागली.

मग मी घरी एका प्लॅस्टिकच्या टबात तिसरा प्रश्न विचारून पाहिला. एका बाजूला बागेतील माती, दुसऱ्या बाजूला ओढ्याकाठच्या बांधाची माती घातली आणि मध्ये बांधावरचीच १० गांडुळे सोडली. दोन दिवसांनी आप्पांनी स्वतः मोजली. आठ बांधाच्या मातीत होती. “त्यास्नी कळतंय म्हणायचं,” असे म्हणून ते गप्प झाले. मी आनंदाने सरांना सांगितले. सरांनी विचारले, “दोन्ही बाजूंना एकच माती घालून पाहिलीस का?” मी पाहिली नव्हती. गांडुळे उजेडामुळे किंवा ओलाव्यामुळे एका बाजूला गेली नसतील कशावरून? मी पुन्हा प्रयोग केला. दोन्हीकडे बांधाची माती घातली तेव्हा ती जवळजवळ सारखी विखुरली. तरीही सर म्हणाले, “बांधाच्या मातीत कुजका पाला जास्त आहे. ती तांब्याला भिऊन गेली की खाण्यासाठी गेली, हे तुला अजून सांगता येणार नाही. हा निकाल नव्हे. चौकशी सुरू करायला मात्र एवढे कारण पुरे आहे.”

साक्षीची मर्यादा

सरांचे म्हणणे खरे आहे. गांडूळ ‘येथे त्रास आहे’ असे सांगते, त्रास देणाऱ्याचे नाव सांगत नाही. उन्हाळ्यात कोरड्या मातीतून ती खोल जातात, तेव्हा ती दिसली नाहीत म्हणजे विष आहे असे नाही. चाचणीत वापरतात ते आयसेनिया मुळात शेणखतात, कुजक्या पाल्यात राहणारे आहे, शेतातील मातीत राहणारे नव्हे. पीटही आपल्याकडचे नाही. म्हणून उष्ण कटिबंधातील काही संशोधकांनी त्याऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा वापरला. आपल्या मातीविषयी आपल्याच मातीतील गांडुळांना विचारणे अधिक योग्य.

परंतु रसायनांच्या तपासणीलाही मर्यादा आहेच. २०१५ मध्ये देशात मृदा आरोग्य पत्रिका सुरू झाली. तीत १२ बाबी तपासतात. आप्पांनी आमची पत्रिका ट्रंकेतून काढून दाखविली. तांब्यापुढे ‘पुरेसे’ असे लिहिले होते. आप्पा म्हणाले, “म्हणजे बरंच हाय की.” मी पुन्हा पाहिले. पत्रिकेचा प्रश्न पिकाला तांबे कमी पडते काय, एवढाच आहे. ते गांडुळाला जास्त होते काय, हा प्रश्न तीत कोठेच नाही. कागद खोटे बोलत नव्हता. त्याला जेवढे विचारले तेवढेच त्याने सांगितले होते.

“मग औषध मारूच नको म्हणतीस?” असे आप्पांनी विचारले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. दावण्या आला तर हंगाम जातो, आणि बागेवर कर्ज आहे. पुस्तक वाचून आलेल्या मुलीने बापाला उपदेश करावा, एवढे हे प्रकरण सोपे नाही. आम्ही एवढेच ठरविले, की बागेतील दोन ओळींत शेणखत व पाला घालून, पुढील तीन पावसाळे त्याच ठिकाणी एक फूट लांब, एक फूट रुंद खड्डा घेऊन गांडुळे मोजायची आणि तारखेसह वहीत लिहायची.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखी शेतकऱ्यांची मुले-मुली पुष्कळ आहेत. त्यांना माझी विनंती आहे, की येत्या पावसाळ्यात आपापल्या शेतात असा एक खड्डा घ्यावा आणि त्यातील गांडुळे मोजावीत. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही; फावडे आणि वही पुरते. एका वर्षाचा आकडा काही सिद्ध करणार नाही. पण दहा वर्षांनी कोणी विचारले, तर ‘पूर्वी काडू असायचे’ या आठवणीऐवजी आपल्यापाशी लिहिलेला पुरावा असेल.