बिल्डरला सवलती, मग आमचं घर महाग का?

प्रश्न : आम्ही दोघं नोकरी करतो. मिस्टर चाकणच्या कंपनीत आहेत, मी एका दवाखान्यात हिशेब पाहते. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ६ लाख ८० हजार. आमचं कुठेही स्वतःचं घर नाही, चिखलीत भाड्यानं राहतो. जवळच बांधकाम चालू असलेल्या एका प्रकल्पात ५२ चौरस मीटर कार्पेटचा फ्लॅट पाहिला. साइट ऑफिसात सांगितलं, ‘अफोर्डेबल प्रोजेक्ट आहे, जीएसटी एकच टक्का, शिवाय आवास योजनेचं अनुदान मिळेल.’ कॉस्ट शीटवर मात्र मूळ किंमत ४२,८०,०००, पार्किंग १,७५,०००, डेव्हलपमेंट चार्जेस १,१०,००० आणि क्लब हाऊस ६०,००० असं लिहिलंय. अशी घरं बांधावीत म्हणून सरकार बिल्डरला जादा एफएसआय आणि करात सूट देतं, असं वाचलं. त्यातलं आमच्या वाट्याला काय? एक एजंट ‘म्हाडा कोट्यातला फ्लॅट थेट मिळवून देतो, वर थोडी रोख द्या’ म्हणतोय. त्याचं ऐकावं का?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : एजंटला आजच नाही म्हणा. त्याच्याकडे देण्यासारखं काहीच नाही, आणि रोख दिलेल्या पैशाचा कागद तुमच्या हाती राहणार नाही.

आता कॉस्ट शीट पुढे घ्या. बांधकाम चालू असलेल्या घराला १ टक्का जीएसटी लागण्यासाठी दोन अटी आहेत. मुंबई महानगर प्रदेशासारख्या ठरावीक महानगरांत कार्पेट ६० चौरस मीटरपर्यंत हवं, इतरत्र ९० पर्यंत चालतं. पुणे-पिंपरी त्या महानगरांच्या यादीत नाही, म्हणून क्षेत्रफळाची अट तुम्ही सहज पूर्ण करता. दुसरी अट किमतीची : ४५ लाखांपर्यंत. लोक फसतात ते इथेच. हे ४५ लाख नुसत्या मूळ किमतीचे नाहीत. पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस, क्लब हाऊस, मोक्याच्या जागेचे जादा पैसे, असं बिल्डर जे जे आकारतो ते सगळं त्यात मोजलं जातं. तुमची बेरीज ४६,२५,००० होते. म्हणजे पूर्ण रकमेवर ५ टक्के, २,३१,२५० रुपये जीएसटी.

साइट ऑफिसात बसून हीच बेरीज त्यांच्यासमोर करा. एकूण रक्कम त्यांनी ४५ लाखांवर आणली, तर जीएसटी ४५,००० होईल. बिल्डरला सव्वा लाख सोडावे लागतात, तुमचे तीन लाखांहून जास्त वाचतात. घासाघीस करायला एवढी जागा एरवी क्वचितच सापडते. मात्र ‘करार ४५ चा करू, उरलेले रोखीत द्या’ किंवा ‘अमेनिटीजचा वेगळा करार करू’ असं म्हणाले, तर तिथून उठा. किंमत खरोखर कमी झाली पाहिजे. आणि ते पार्किंग उघड्यावरचं असेल तर रेरा कायद्यानुसार ती सामाईक जागा आहे. तिचे पैसे मागण्याचा अधिकार बिल्डरला नाही.

अनुदानाचं जे सांगितलं, ते या घराला लागूच होत नाही. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वार्षिक ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, देशात कुठेही पक्कं घर नसलेल्या कुटुंबाला व्याज अनुदान आहे. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. उत्पन्नाच्या अटीत तुम्ही बसता. पण घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंतच हवं. जीएसटीची मर्यादा वेगळी, अनुदानाची वेगळी. विक्री प्रतिनिधी त्या एका दमात सांगून टाकतात, आणि लोक त्या भरवशावर हप्त्याचं गणित मांडतात. याचा मला मनापासून राग येतो.

तुमचा मूळ प्रश्न मोलाचा आहे. प्राप्तिकराच्या ८०-आयबीए कलमाखाली १ जून २०१६ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेल्या, अटींत बसणाऱ्या प्रकल्पांचा सगळा नफा करमुक्त झाला. पण त्यातला इतका हिस्सा ग्राहकाला द्या, असं कायद्यात कुठेही नाही. सरकारनं घरं जास्त बांधली जावीत म्हणून सूट दिली, विक्रीची किंमत बाजारावर सोडली. त्यामुळे त्या सवलतीवर बोट ठेवून तुम्हाला बिल्डरकडे काही मागता येणार नाही. मला हे धोरण अपुरं वाटतं.

किंमत खरोखर बांधलेली घरं दुसरीकडे आहेत. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीनुसार दहा लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांत, म्हणजे पिंपरी-चिंचवडमध्येही, ४,००० चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प करताना मूळ एफएसआयच्या २० टक्के बांधकाम दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ३० ते ५० चौरस मीटरच्या घरांचं करावं लागतं. त्याबदल्यात तेवढा एफएसआय बिल्डरला वर मिळतो. या घरांची किंमत रेडीरेकनरमधल्या बांधकाम खर्चाला धरून ठरते आणि ती म्हाडाच्या सोडतीतून जातात. इथे सवलतीचा लाभ ग्राहकापर्यंत पोचतो. म्हणूनच पळवाटाही इथेच शोधल्या जातात. भूखंडाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा ४,००० च्या आत दाखवायचा, ही तक्रार जुनी आहे. नाशिकमधल्या अशा घरांचा विषय २०२२ मध्ये विधान परिषदेत गाजला होता.

पुणे महानगर क्षेत्रात ६ लाखांपर्यंत अत्यल्प आणि ९ लाखांपर्यंत अल्प उत्पन्न गट धरतात. पती-पत्नीचं उत्पन्न एकत्र मोजतात, म्हणून तुम्ही अल्प गटात येता. अधिवास प्रमाणपत्र आणि दोघांच्या उत्पन्नाचे पुरावे आत्ताच काढून ठेवा. जाहिरात आल्यावर तहसील कचेरीत धावपळ करून वेळेत कागद हाती येतीलच असं नाही. म्हाडाच्या पुणे मंडळाची जाहिरात आली की अर्ज फक्त म्हाडाच्या संकेतस्थळावरून भरा. सोडतीत न गेलेली घरं कधी ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ तत्त्वावर निघतात, तीही तिथेच. घर लागलं की करार बिल्डरशी होतो. त्या वेळी क्लब हाऊस वगैरेचे जादा पैसे मागितले, तर जाहिरातीतली किंमत दाखवा आणि मंडळाकडे लेखी तक्रार करा.

सोडत नशिबाची गोष्ट आहे, तोवर हा फ्लॅट हातचा जाऊ नये असं वाटत असेल, तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाची तारीख पाहा. भूखंड ४,००० च्या वर असेल आणि २० टक्के घरं कुठेच दिसत नसतील, तर महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाला माहिती अधिकारात विचारा. आणि करार नोंदणीकृत होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त एक रुपयाही देऊ नका. रेराच्या १३व्या कलमानुसार त्यांना तो मागताच येत नाही.