बालाघाटांतील पायवाटा व प्राचीन स्थळें

धाराशिव जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतो. येथें वर्षाचा पाऊस सरासरीनें तीस इंचांच्या आसपास पडतो, आणि तोही वेळेवर पडेलच असा भरंवसा नसतो. उन्हाळ्यांत ओढे कोरडे पडतात, विहिरी तळ गांठतात, आणि माळावर बाभूळ, बोर व तरवड यांखेरीज हिरवें असें फारसें दिसत नाहीं. अशा या प्रदेशांत, दोन हजार वर्षांपूर्वीं ज्याचें नांव दूरच्या परदेशांत पोंचलें होतें, असें नगर कसें वसलें असेल? या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत थोडें व वाटेवर पुष्कळ सांपडतें. म्हणून या लेखांत आम्ही आमच्या बालवाचकांस जिल्ह्यांतील कांहीं वाटांनीं नेणार आहों.

प्रथम भूमीची ठेवण समजून घेऊं. धाराशिव शहर बालाघाटाच्या पठारावर आहे. त्याचें उस्मानाबाद हें नांव शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलें होतें. २०२३ सालीं शहरास व जिल्ह्यास धाराशिव हें नांव सरकारी रीतीनें मिळालें. या पठारावरून पाणी दोन बाजूंस वाहतें. तेरणेचें पाणी मांजरेंतून गोदावरीस मिळतें. बोरी व सीना यांचें पाणी भीमेंतून कृष्णेस जातें. एकाच माळावर शेजारीं शेजारीं पडलेले पावसाचे दोन थेंब अशा रीतीनें दोन निरनिराळ्या महानद्यांच्या वाटेस लागतात. ही पाणलोटाची धार पायाखालीं ओळखावयास शिकणें हा चालणाऱ्याचा पहिला धडा होय.

आतां तेरकडे वळूं. शहरापासून सुमारे सहा कोसांवर, म्हणजे वीस किलोमीटरांच्या आंतबाहेर, तेरणेच्या कांठीं हें गांव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अनामिक व्यापाऱ्यानें ग्रीक भाषेंत समुद्रव्यापाराचें एक वर्णन लिहिलें. तें ‘पेरिप्लस’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांत पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नांवाचें फार मोठें नगर असून, तेथून साधें कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांनीं भडोचच्या बंदरास जाते, असें सांगितलें आहे. हें तगर कोणतें, यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाला. देवगिरी, जुन्नर अशीं निरनिराळीं ठिकाणें सुचविलीं गेलीं. अखेर १९०१ सालीं फ्लीट यांनीं तगर म्हणजे तेरच असें प्रतिपादन केलें, आणि पुढील काळांत तेथें सांपडलेल्या वस्तूंनीं त्यास बळकटी आली.

तेरच्या शिवारांत उभें राहिलें म्हणजे त्या वैभवाचें कारण उमजूं लागतें. येथील काळी जमीन पावसाळ्याचें पाणी शोषून ठेवते. त्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते, आणि कापसासही ही जमीन मानवते. कापूस आहे म्हणून सूत, सूत आहे म्हणून कापड. शिवाय वर्षांतील बराच काळ नदीनाले उथळ असल्यामुळें गाड्यांस उतार मिळणें सोपें. ज्या कोरडेपणास आपण नांवें ठेवतों, त्यानेंच व्यापाराची वाट खुली ठेवली असावी, असा तर्क करण्यास जागा आहे.

गांवांतील त्रिविक्रमाचें देऊळ अवश्य पाहावें. तें विटांचें असून त्याची मागील बाजू गोल व छत गजपृष्ठासारखें आहे. मुळांत हें बौद्धांचें चैत्यगृह असून पुढें तेथें विष्णूची स्थापना झाली, असें पुष्कळ अभ्यासकांचें मत आहे. तेरच्या कांहीं जुन्या विटा इतक्या सच्छिद्र व हलक्या आहेत कीं त्या पाण्यावर तरंगतात. येथेंच संत गोरोबाकाकांची समाधि आहे. नदीच्या चिखलास आकार देणारे हात या गांवीं किती पिढ्यांपासून असतील, याचा विचार गोरोबाकाकांच्या समाधीपुढें सहज मनांत येतो. गांवांतील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयांत मातीच्या मूर्ति, मणी व नाणीं आहेत. येथें मिळालेल्या एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचें इटलींतील पाँपेई येथें १९३८ सालीं सांपडलेल्या मूर्तीशीं साम्य आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. त्याच सुमारास तेरणेकांठच्या कारागिरांचा हात रोमपर्यंत ठाऊक होता, हें त्यावरून ध्यानीं येतें.

दुसरी वाट धाराशिव लेण्यांची. शहरापासून सुमारे आठ किलोमीटरांवर बालाघाटाच्या घळींत हीं सात लेणीं आहेत. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत मोठें दालन, सभोंवार खोल्या व मागें गाभारा असून त्याची मांडणी अजिंठ्याच्या विहारांची आठवण करून देते. लेणीं आरंभीं बौद्धांचीं असून मागाहून जैनांकडे आलीं, असें अनेकजण मानतात. ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यांतही तेरच्या आसपासच्या लेण्यांची कथा आलेली आहे. पठारावरून घळींत उतरतांना खडक व झाडी कशी पालटते तें पाहावें. माळापेक्षां घळींत ओल अधिक काळ टिकते, आणि एकांत व सांवली हीं दोन्ही तेथें लाभतात.

तिसरें स्थळ नळदुर्ग. इब्राहीम आदिलशाह दुसरा याच्या कारकीर्दींत, १६१३ सालीं, बोरी नदीस दगडी बंधारा घालून त्याच्या पोटांत पाणीमहाल बांधला गेला. नदीस पूर आला म्हणजे डोक्यावरून पाणी कोसळतें आणि आंतील महाल मात्र कोरडा राहतो. अवर्षणाच्या मुलुखांत पाण्याचें मोल जाणणाऱ्या स्थापत्यकारानें संरक्षण, सांठवण व सौंदर्य हीं तिन्ही एका भिंतींत साधलीं आहेत.

या वाटांनीं जाणाऱ्यांस कांहीं सूचना. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. चैत्रवैशाखांत हा मार्ग धरूं नये. पहांटे निघून ऊन तापण्यापूर्वीं सांवली गांठावी. ओढ्याच्या भरंवशावर न राहतां प्रत्येकानें आपलें पाणी बरोबर घ्यावें. लेण्यांत धूर किंवा गोंगाट करूं नये. आग्या मोहोळ असल्यास अनर्थ ओढवतो. उभ्या पिकांतून न जातां बांधानें जावें, आणि वाट चुकल्यास गुराख्यास आदरानें विचारावें. त्याच्याइतका त्या रानाचा जाणकार दुसरा नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पावसानें पांढरीची माती धुपली म्हणजे जुन्या गांवठाणावर मणी, खापरें व क्वचित् नाणींही उघडीं पडतात. तीं खिशांत घालण्याचा मोह मुलांसच काय, मोठ्यांसही होतो. परंतु मणी कोणत्या थरांत, कोणत्या खापराशेजारीं होता, यावरूनच त्याचा काळ ठरतो. जागेवरून हाललेला मणी सुंदर दिसेल, पण तो मुका झालेला असेल. एका घराच्या भिंतीस चार जुन्या विटा लागल्या तर घराचें थोडें काम भागतें. इतिहासाचें मात्र एक पान कायमचें फाटतें. तेरचा मोठा भाग अद्याप मातीखालींच आहे. तो वाचला तर आपल्या मुलांची मुलें तो वाचतील. तो फुकट गेला तर दुसरें तगर कोणास निर्माण करतां येणार नाहीं. म्हणून कांहीं दिसल्यास तें तेथेंच ठेवावें, जागा टिपून घ्यावी व संग्रहालयांत कळवावें.

पालकांस आमची विनंति अशी कीं, सुटींत एक दिवस मुलांबरोबर पायीं चालावें. आश्विनी पौर्णिमेस सोलापुराकडून तुळजापुरास हजारों लोक चालत येतात. चालणें ही या प्रदेशाची जुनी संवय आहे, ती घराघरांत टिकावी.

विद्यार्थ्यांसाठीं तीन कामें देतों. आपल्या गांवचें पाणी कोणत्या नदीस मिळतें तें ओढ्याच्या कांठानें चालून शोधा. गांवांतील सर्वांत जुनी विहीर अथवा बारव मोजून तिचें चित्र काढा. आणि १९७२ च्या दुष्काळांत पाणी कोठून आणीत होते, हें आजीआजोबांस विचारून लिहून काढा. हें तिसरें काम लांबणीवर टाकूं नका. दगडविटा आणखी कांहीं वर्षें वाट पाहतील, माणसांच्या आठवणी पाहणार नाहींत.