साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ पडद्यावर पाहिली होती का?

प्रश्न: फैजपूर आमच्या यावल तालुक्यातले. तिथल्या काँग्रेस अधिवेशनासाठी साने गुरुजी खपले, हे घरात ऐकत आलो. ‘श्यामची आई’ चित्रपट त्यांनी स्वतः पाहिला होता का? आणि मुलांना आधी काय द्यावे, पुस्तक की चित्रपट? – एक वाचक, यावल

उत्तर: नाही. गुरुजी 11 जून 1950 रोजी गेले आणि आचार्य अत्र्यांचा चित्रपट आला 1953 मध्ये. देशातल्या पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक 1954 साली याच चित्रपटाला मिळाले. तो गौरव पाहायला गुरुजी नव्हते, याची हळहळ मलाही वाटते.

फैजपूरचे अधिवेशन डिसेंबर 1936 चे, खेड्यात भरलेले पहिले. त्याच्या आदल्याच वर्षी पुस्तक छापून आले होते. गोष्ट कोकणातल्या पालगडची खरी, पण ती सांगणारा माणूस खानदेशात घडला. 1924 ते 1930 ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तिथल्या छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या ते आवरत, कपडेही धुऊन ठेवत. मग सत्याग्रह आणि तुरुंग. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी ते भराभर टिपून घेत. ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली ती त्यामुळे. पुढच्याच फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली, अवघ्या पाच दिवसांत. पुस्तकात प्रकरणे नाहीत, 42 रात्री आहेत: श्याम बोलतो, आश्रमातले मित्र ऐकतात. समोर बसलेल्यांना सांगायची ही रीत धुळ्यात ऐकता ऐकता त्यांच्या हाडीमाशी मुरली असावी, असे माझे मत आहे.

चित्रपटापुढची अडचण नेमकी हीच होती. एकेक रात्र स्वतंत्र. एकीचा धागा दुसरीत जातोच असे नाही. अत्र्यांनी मोजके प्रसंग निवडून त्यांची सलग कथा बांधली. पोहण्याचा प्रसंग घ्या. श्याम भीतीने लपून बसतो, आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीवर पाठवते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हटलेले तिला सोसत नाही. पुस्तकात मोठा झालेला श्याम हे आपल्याला उलगडून सांगतो. पडद्यावर ते वनमालाबाईंच्या चेहऱ्यावरच दिसावे लागते, आणि दिसते! छोट्या माधव वझ्यांचा श्यामही कुठे शिकवलेला वाटत नाही. वसंत देसाईंच्या संगीतात आशा भोसल्यांनी गायलेले द्रौपदी-कृष्णाचे गाणे आज कित्येकांना पुस्तकाआधी आठवते.

2023 मध्ये सुजय डहाके यांनी ही कथा पुन्हा पडद्यावर आणली, तीही कृष्णधवल. त्यात ओम भूतकर मोठेपणीचे साने गुरुजी झाले आहेत, म्हणजे सांगणारा माणूसही समोर येतो. मुले थोडी मोठी असतील तर हाही जरूर दाखवा.

पण आधी पुस्तकच. मुलांच्या हातात देऊन मोकळे होऊ नका, रोज झोपताना एक रात्र मोठ्याने वाचा. गुरुजींची भाषा कानाला गोड लागते, आणि मुले मधेच काही विचारतील तेव्हा थांबता येते. दहा-बारा रात्री झाल्या की जुना चित्रपट लावा. कोणती रात्र अत्र्यांनी गाळली, हे मुलेच तुम्हाला सांगतील.