हेल्प फाईल उघडत नाही म्हणून रडू नकोस

पिंके, आधी मनातून काढून टाक की तू काहीतरी बिघडवलंस. अडतीवर नवीनच लागलीस, मिरचीचा सीझन तोंडावर आलाय आणि त्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची हेल्प उघडली की डावीकडं विषयांची यादी दिसते, उजवीकडं मात्र कोरं पान. जीव घाबरणारच गं. पण यादी दिसतेय ना? मग फाईल बहुतेक शाबूत आहे. विंडोजनं तिला अडवून धरलंय, एवढंच.

अशा वेळी एकच विचारायचं: ही फाईल आली कुठून, आणि पडलीय कुठं?

तुझी मेलवरून आलीय. बाहेरून आलेल्या फाईलवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवतं, पोत्यावर चिठ्ठी शिवावी तशी. ती खूण असली की शेवटी सीएचएम लिहिलेल्या फाईलची पानं दिसत नाहीत. फाईलवर राइट क्लिक कर, प्रॉपर्टीज उघड, जनरलमध्ये अगदी खाली 'अनब्लॉक'ची चौकट असेल. तिथं टिक, अप्लाय, ओके. झिपमधून आली असेल तर आधी झिपच अनब्लॉक करायची, मग एक्स्ट्रॅक्ट. मैत्रिणीकडं पेनड्राइव्हवरून तीच फाईल उघडली म्हणालीस, त्याचंही कारण हेच. बहुतेक पेनड्राइव्हवर ही खूण टिकतच नाही.

पण टिक करायच्या आधी थांब, माय. फाईल कुणी पाठवली याची खात्री पाहिजे. सीएचएम फाईल दिसायला साधं पुस्तक, पण तिच्या आतून कॉम्प्युटरवर दुसरा प्रोग्राम चालवता येतो, आणि लुबाडणाऱ्यांनी याचा भरपूर वापर केलाय. बिल, ऑर्डर, बँकेचा कागद असं नाव देऊन कुणी सीएचएम पाठवली तर उघडायचीच नाही. खरं बिल कुणी त्या रूपात पाठवत नसतं. फाईलचं शेपूट दिसत नसेल तर व्ह्यूमध्ये जाऊन 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून ठेव. हे मात्र आजच कर.

आता दुसरी बाजू, फाईल पडलीय कुठं. मालकांच्या कॉम्प्युटरवरच्या शेअर फोल्डरमधून उघडलीस तरी तेच कोरं पान येईल. २००५ च्या सुरक्षा अपडेटपासून नेटवर्कवरची सीएचएम अशी उघडत नाही. आपल्या सी ड्राइव्हवर कॉपी करून घे, झालं. व्हिडिओत बघून रजिस्ट्रीत बदल करू नकोस. त्यानं हे कुलूप सगळ्याच फाईलींसाठी निघतं, आणि त्या कॉम्प्युटरवर दुकानाचा अख्खा हिशेब आहे. फोल्डरच्या नावात # असेल तरी फाईल अडते. 'मिरची आवक' असं मराठी नाव दिलेल्या फोल्डरमधूनही बरेचदा उघडत नाही, कारण सीएचएमचा हा सगळा प्रकार १९९७ च्या सुमाराचा, युनिकोड अंगवळणी पडायच्या आधीचा. डावीकडच्या यादीत मराठीऐवजी प्रश्नचिन्हं दिसली तर तेही त्याच जुनाटपणामुळं, फॉन्ट शोधत बसू नकोस. फाईल साध्या इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये ठेव.

आणि त्या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची एचएलपी फाईल? ती वेगळीच जात. मायक्रोसॉफ्टनं व्हिस्टापासूनच ती उघडणारा प्रोग्राम विंडोजमधून काढला. ८.१ पर्यंत तो वेगळा उतरवून घेता येत होता, १० साठी दिलाच नाही. आता कुठल्याही साइटवरून तो डाउनलोड करायच्या फंदात पडू नकोस, त्यासोबत काय येईल सांगता येत नाही. दुकानात कोपऱ्यात एखादा जुना एक्सपीवाला कॉम्प्युटर धूळ खात असेल. त्यावर फाईल उघड, कीबोर्डचा तक्ता असलेलं पान प्रिंट कर आणि टेबलाच्या काचेखाली सरकव. बाकीची पानं क्वचितच लागतात.

एवढं करूनही अडलं तर मालकांना सरळ सांग, "फाईल विंडोज अडवतंय, कंपनीकडून पीडीएफ मागवू या." मागायला लाजू नकोस, पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर आहे, माहितीपुस्तक मागायचा हक्क आहे. आणि स्क्रीनवर जे काही दिसेल त्याचा फोटो काढून मला पाठव, फोनवर नुसतं "उघडत नाही" म्हणू नकोस. रात्री जेवणं उरकली की मी मोकळीच असते.

तुझी अक्का